खाड्याचा हिशेब : ज्येष्ठांचा आहार मोजणाऱ्या अ‍ॅपचे एक वाचन

माझा अभ्यासविषय घरगुती हिशेबाच्या वह्या हा आहे. विद्यापीठाशी माझा संबंध ग्रंथालयाच्या पायरीपुरता. एका पतसंस्थेत सव्वीस वर्षे हिशेबनीस होतो. जमाखर्च वाचायची तिथे लागलेली सवय सुटीच्या दिवशी जुन्या वह्यांकडे वळवली, इतकेच. वाण्याच्या उधारीच्या वह्या, लग्नातल्या आहेराच्या याद्या, दुधाचा रतीब लिहिलेली कॅलेंडरची पाने असे कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या रद्दीतून मिळेल ते गोळा करत आलो. या वाचनातून एक गोष्ट मात्र पक्की शिकलो. वही हातात आली की आधी रकाने पाहावेत, आकडे नंतर. रकाने ज्याने आखले त्याच्या मनात हिशेबाचा जो मालक होता तो तिथे दिसतो.

गेल्या वर्षी अशीच एक वही माझ्या हाती आली. फरक एवढाच की ती फोनमध्ये होती आणि तिच्यात माझ्या आईचे जेवण लिहायचे होते. आईचे वय ब्याऐंशी. उंची चार फूट दहा इंच, वजन 58 किलो, गुडघे दुखतात, साखर काठावर. वजन थोडे उतरले तर गुडघ्यांना बरे, असे डॉक्टर म्हणाले होते आणि त्यात चूक काही नव्हते. पुण्याहून आलेल्या भाच्याने फोनवर आहार मोजायचे एक अ‍ॅप घालून दिले. अ‍ॅपचे नाव देत नाही, कारण मी नंतर आणखी चार पाहिली आणि रकान्यांच्या बाबतीत ती एकाच छापखान्यातून निघाल्यासारखी आहेत. या लेखात मी त्यांच्याकडे औषध किंवा यंत्र म्हणून न पाहता वही म्हणून पाहणार आहे.

वही उघडताच पहिला प्रश्न येतो, उद्दिष्ट कोणते? वजन कमी करणे, राखणे, वाढवणे. त्यानंतर वय, उंची, वजन, आणि लगेच निकाल. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचे हे गणित बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने 1830च्या दशकात मांडले. त्याला आजचे बीएमआय हे नाव मिळाले ते अमेरिकेच्या अँसेल कीज यांच्या 1972च्या शोधनिबंधातून. त्या निबंधासाठी मोजलेली सात हजारांवर माणसे सगळी पुरुष होती. एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईला त्या भागाकाराने 'जास्त वजन' ठरवले आणि आम्ही पहिल्या पर्यायावर बोट ठेवले.

रकाने चार. न्याहारी, दुपारचे जेवण, स्नॅक, रात्रीचे जेवण. प्रत्येकाखाली पदार्थ शोधायचा, नग किंवा वाटी निवडायची, की उष्मांक, प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध आपोआप मांडली जातात. मराठी भाषेचा पर्याय होता, पण ती मराठी कुणी बोललेली नव्हती. 'तुमचे जेवण लॉग करा', 'तुम्ही आज छान करत आहात'. आई हे वाचून म्हणाली, "हे मला अहो-जाहो का करतंय? आणि छान काय करत्येय मी, जेवत्येय तर आहे."

तिच्या बोलण्यात अ‍ॅपच्या टीकेचा पहिला मुद्दा आला आहे असे मला वाटते. या वहीचा मालक एकटा जेवणारा, स्वतः वाढून घेणारा, ताटात काय आले हे ठरवणारा आणि जेवणाकडे कामगिरी म्हणून पाहणारा माणूस आहे. बहुधा तिशीतला. आमच्याकडे आई स्वयंपाकघरात जात नाही त्याला सहा वर्षे झाली. तिला वाढले जाते. वाढणारी एक, जेवणारी दुसरी आणि फोनमध्ये लिहिणारा तिसरा, म्हणजे मी. एका घासाच्या नोंदीत तीन माणसे आहेत आणि वहीला एकच ठाऊक आहे.

आता आकड्यांकडे येतो, कारण इथे इतिहास मोठा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. अन्नातली ऊर्जा मोजायचे आजचे ठोकताळे, म्हणजे प्रथिने व कर्बोदके यांच्या ग्रॅमला चार आणि स्निग्धांच्या ग्रॅमला नऊ, हे अमेरिकन रसायनज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाअखेरच्या कामातून आले. आपल्याकडे कुन्नूरच्या प्रयोगशाळेत वॉलेस आयक्रॉइड यांनी 1937 साली भारतीय अन्नपदार्थांचे पोषणमूल्य देणारी 'हेल्थ बुलेटिन नंबर 23' ही पुस्तिका काढली. त्याच संस्थेची पुढे हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था झाली आणि सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांचे कोष्टकांचे पुस्तक 1971 साली आले. त्यानंतरची मोठी कोष्टके 2017ची. त्यात 528 पदार्थ आहेत आणि त्यांची नावे आपल्या भाषांमध्येही दिली आहेत. ही कोष्टके मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणि उधार मागून वाचली. सांगायला हरकत नाही, काही कादंबऱ्यांपेक्षा त्यांत मन जास्त रमले. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास प्रथिने, हुलग्यात जवळजवळ बावीस. एका ओळीमागे कुणी किती ठिकाणच्या बाजारांतून नमुने आणून जाळले, आटवले, गाळले असतील.

पण ही कोष्टके मुख्यतः कच्च्या जिन्नसांची आहेत. हुलगे आहेत, माडगे नाही. तूरडाळ आहे, आमटी नाही. अ‍ॅपमध्ये 'आमटी, 1 वाटी' अशी ओळ दिसते ती कुणीतरी एका पाककृतीवरून हिशेब करून बसवलेली असते. कोणाची आमटी? कऱ्हाडकडची कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची, ब्राह्मणी आमसूल-गुळाची, की महिनाअखेरीची पाण्याला लागलेली? पाठचिकित्सेत जो प्रश्न आपण पोथीला विचारतो तोच इथे विचारायला हवा, की ही प्रत कोणत्या घरातली? अ‍ॅप ते सांगत नाही. उलट दशांश चिन्हानंतरही एक आकडा देते.

आणि वाटी? एका रविवारी आमच्या घरातल्या सहा वाट्या मी पाण्याने भरून औषधाच्या मापाने मोजल्या. सर्वांत लहान 90 मिलिलिटरची निघाली, सर्वांत मोठी 210. आईची वाटी तिच्या लग्नातली, पितळेची, कल्हई केलेली, 130ची. यात नवल काही नाही. आपल्या घरातली मापे नेहमीच घरापुरती असत. शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी, हा हिशेब पाठ असलेल्या बायकांनाही गावोगावचा शेर वेगळा आहे हे माहीत होते. 1956च्या कायद्याने दशमान मापे आली, दुकानात किलो रुळला. स्वयंपाकघरात मात्र वाटीच राहिली. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने 1970 साली वाटी-चमच्याच्या भाषेत पाककृती दिल्या आणि ते पुस्तक घरोघर गेले. पण 'रुचिरा'तील वाटी हे प्रमाण आहे. पिठाची वाटी आणि साखरेची वाटी एकच असली की पुरे, ती केवढी याला महत्त्व नाही. अ‍ॅपने ती वाटी उचलली आणि तिचे परिमाण केले. शब्द तोच, काम बदलले. हा बदल कुणी वाचकाला सांगितलेला नाही.

अर्थात, एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख तक्रारीचा झाला असता. मापातला दहा-वीस टक्क्यांचा फरक रोज तोच राहिला तर कल कळतोच. हिशेबनिसाला हे माहीत असते, की चुकीचा तराजूही सतत एकसारखा चुकत असेल तर चालवून घेता येतो. मला वहीचा खरा दोष सापडला तो दुसरीकडे, आणि तो शोधायला मी मोठी किंमत दिली.

गुढीपाडव्याला आम्ही लिहायला सुरुवात केली. मी रोज तीन वेळा बायकोला विचारायचो, "आईला काय वाढलंस?" आणि ते नोंदवायचो. दोन भाकऱ्या, एक वाटी आमटी, पालेभाजी, संध्याकाळी दूध. अ‍ॅप हिरवे वर्तुळ दाखवायचे. प्रथिने पन्नास ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडची शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 58 किलोला 48. वृद्धांना त्याहून जास्त, किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम हवे असे वार्धक्यशास्त्रातले बरेच तज्ज्ञ म्हणतात, हे मी पुढे वाचले. त्या वेळी हिरवे वर्तुळ मला पुरेसे होते. दर आठवड्याला वजन टाकायचे. 57, 56, 55. अ‍ॅपने अभिनंदन केले, पताका उडवल्या. आषाढी एकादशीच्या सुमारास काटा 53 वर आला आणि आम्ही आईला पेढा भरवला. ती हसली. पाटावरून उठताना तिने भिंतीला हात लावला, तो मी पाहिला होता. गुडघे, असे म्हटले.

चार दिवसांनी ती न्हाणीघराजवळ बसली ती उठेचना. पडली नाही, लागले नाही. फक्त उठता येत नव्हते. तिला उचलताना माझ्या हातात दंडाचे जे आले ते सैल कातडे होते.

तो सगळा आठवडा मी घरी होतो आणि पहिल्यांदा आईचे जेवण पाहिले. पहिली भाकरी ती आमटीत कुस्करायची, त्यातली निम्मी खायची. दुसरी पदराआड घेऊन मागच्या दाराशी जायची आणि कुत्र्याला घालायची. दुधाचा पेला तुळशीपाशी नेऊन नातीला द्यायची. खालची कवळी तिला तीन महिन्यांपासून टोचत होती. ती कुणाला बोलली नव्हती. मी विचारले, "आई, दोन भाकऱ्या खातेस असं मी रोज लिहितोय." तिने माझ्याकडे पाहिले. "खाल्ल्या असं कुणी सांगितलं तुला? वाढलेलं लिहीत होतास. ती एवढी मायेनं करून वाढते, पानात कसं टाकायचं?"

साडेतीन महिन्यांची ती वही पुन्हा उघडली. एकही आकडा खोटा नव्हता आणि सगळी वही खोटी होती. पतसंस्थेत मी कर्ज मंजूर झालेल्या रकमेला कधी वसुली म्हटले नव्हते. घरी मात्र वाढलेल्याला खाल्लेले म्हणत आलो. दोष माझा आहे, तो मी अ‍ॅपवर ढकलत नाही. पण वहीत 'उरले' असा रकाना असता तर मला एकदा तरी विचारावे लागले असते, हेही खरे आहे.

इथे माझ्या संग्रहातली एक जुनी गोष्ट आठवते. 'कालनिर्णय' 1973 साली निघाले. त्याआधीही भिंतीवर कॅलेंडरे असत. पण तारखेच्या चौकोनात लिहायला जागा मिळाली आणि मराठी बायकांनी त्याची वही करून टाकली. माझ्याकडे अशी शेकडो पाने आहेत. त्यांवर काय लिहिलेले असते? रोजचे एक लिटर दूध कुणी रोज लिहीत नाही. ज्या दिवशी दूध आले नाही त्या दिवशी फुली मारलेली असते. बाई आली नाही, फुली. पेपर आला नाही, फुली. महिनाअखेर खाडे मोजायचे आणि ते वजा करून पैसे द्यायचे. ही खाड्याची हिशेबपद्धत आहे. जे नेमाने घडते ते गृहीत धरा आणि जे घडले नाही ते टिपा. नोंदी कमी, चुका कमी, आणि नजर आपोआप कमतरतेकडे.

अ‍ॅप याच्या अगदी उलट आहे. त्यात फक्त जमा लिहिली जाते. न लिहिलेले जेवण म्हणजे जेवले नाही की लिहायचे राहिले, हे वहीलाच कळत नाही. जास्त खाणाऱ्याला आवरायला ही पद्धत ठीक आहे, कारण तिथे प्रत्येक जमा हा इशारा असतो. उतारवयातला धोका मात्र बहुतेक वेळा खाड्याचा असतो. जीभ मंदावते, वास कमी येतो, दात जातात, औषधांनी भूक मरते, जोडीदार गेल्यावर एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही. वयस्क भारतीयांच्या 2017-18च्या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्यांपैकी सुमारे 27 टक्के कमी वजनाचे आढळले. जास्त वजनाचेही होते, पण त्यांचे प्रमाण याहून कमी. आणि माझ्या आईसारखी माणसे तर या दोन्ही रकान्यांत सापडत नाहीत. 53 किलोला तिचा बीएमआय चोवीस-साडेचोवीस भरतो. अ‍ॅपच्या दृष्टीने ती आता कुठे ठीक झाली होती.

डॉक्टरांची या विषयातली एक वेगळी वही आहे आणि ती वाचून मी चकित झालो. 'मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट' नावाची ही प्रश्नावली 1990च्या दशकात वृद्धांसाठीच तयार झाली. तिच्या घडणीत नेस्ले कंपनीचे संशोधक होते आणि ही कंपनी आजारी माणसांसाठी पोषणपेयेही विकते, हे वाचताना ध्यानात ठेवावे. पण प्रश्न पाहा. छोट्या आवृत्तीत अवघे सहा. पहिला असा, की गेल्या तीन महिन्यांत भूक नसल्याने, पचनामुळे, किंवा चावायला-गिळायला त्रास होत असल्याने खाणे कमी झाले आहे का? दुसरा, तीन महिन्यांत वजन उतरले आहे का? तीन किलोंहून जास्त उतरले असेल तर शून्य गुण. मग हिंडणे-फिरणे, मग मनाला बसलेला धक्का किंवा मोठा आजार, मग स्मृती व उदासी. शेवटी बीएमआय, आणि तो काढता येत नसेल तर पोटरीचा घेर. 31 सेंटिमीटरच्या खाली आला तर सावध व्हा. मोठ्या आवृत्तीत आणखी विचारतात, की तुम्ही आपल्या घरी राहता का, दिवसात पूर्ण जेवणे किती, हाताने जेवता की भरवावे लागते?

ही खाड्याची वही आहे. ज्या पाच किलोंवर अ‍ॅपने पताका उडवल्या त्याच पाच किलोंना इथे शून्य गुण. शिंप्याची टेप घेऊन मी आईच्या पोटरीला लावली. तीस भरली.

भाच्याशी यावर बरीच वादावादी झाली. त्याचे म्हणणे असे, की मामा, तुम्ही चुकीचे उद्दिष्ट निवडलेत, चुकीची नोंद केलीत आणि आता वहीला दोष देता. शिवाय सुधारणा अवघड नाही. ताटाचा जेवणाआधी आणि नंतर फोटो काढला की झाले. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. रुग्णालयांत परिचारिका ताटातले उरलेले पाहून सगळे, पाऊण, अर्धे, पाव, काही नाही अशी खूण करतात, ती पद्धत जुनी आणि उपयोगी आहे. अ‍ॅपने ती उचलली तर मी स्वागत करेन. आणखी एक कबूल केले पाहिजे. आईच्या आहारात प्रथिनांची खरी बाजू भाकरी-आमटीच्या जोडीवर उभी आहे आणि आमटी पातळ झाली की सगळेच ढासळते, हे मला अ‍ॅपनेच पहिल्यांदा दाखवले. साखरेचा आजार असलेल्या, स्वतःचे स्वतः करणाऱ्या ज्येष्ठांना त्याचा फायदा होत असणार. माझे एक निवृत्त स्नेही त्याच्या जोरावर फरसाण सोडून बसले आहेत.

तरी फोटोने माझे समाधान होत नाही. माझी आई पानात काही टाकत नाही. तिचे ताट जेवणानंतरच्या फोटोत स्वच्छच दिसेल, कुत्र्याने चाटल्यासारखे. तिला उपाशी राहायचे नव्हते, सुनेचा हिरमोड करायचा नव्हता. ज्या पिढीला पानात टाकणे हे पाप म्हणून शिकवले तिच्याकडून उरलेल्याची नोंद काढायची तर आधी उरवण्याची मुभा द्यावी लागते. ते काम फोनकडून होईल असे मला वाटत नाही. दोन भाकऱ्या वाढण्याऐवजी अर्धी वाढून पुन्हा विचारणे, हे बायकोने सुरू केले. कवळी नीट करून आणली. सकाळी हुलग्याचे माडगे, दूध घालून. संध्याकाळी उडदाचे घुटे आणि भाकरीचा काला, चावायला लागू नये असा. नात आता दुधाचा पेला घेत नाही, तिला आम्ही सांगितले आहे.

अ‍ॅप काढून टाकलेले नाही, आठवड्यातून एकदा वजन त्यात टाकतो. वर्तुळ आता लाल असते, कारण उद्दिष्ट बदलायचे मी मुद्दामच टाळले आहे. रोजची नोंद मात्र स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर होते आणि ती आई स्वतः करते. दुधाच्या खाड्याला तिची फुली असते, म्हणून जेवणाच्या खाड्याला तिने गोल ठरवला. निम्मे जेवली तर अर्धा गोल. भाद्रपदात गोल सात होते, अर्धे अकरा. आश्विनात कालपर्यंत दोन. एका अर्ध्या गोलाशेजारी बारीक अक्षरात लिहिले आहे, 'भाजी खारट'. ते बायकोने वाचले, आणि त्या दिवशी दोघी बराच वेळ हसत होत्या.